कासचा सडा आणि गुरांचे खूर

सोलापूरहून साताऱ्याला जाणारा रस्ता पंढरपूर सोडल्यावर माणदेशात शिरतो. म्हसवड, गोंदवले, दहिवडी. दोन्ही बाजूंना बाभळी, तरवड, ज्वारीची राने. म्हणजे आपल्याच ओळखीचा मुलूख. सातारा ओलांडून गाडी यवतेश्वरचा घाट चढू लागते आणि सप्टेंबर असेल तर धुके काचेला चिकटते. पुढे पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. पाऊस सोलापूरच्या कितीतरी पट. तरीही इथे मोठे झाड शोधावे लागते.

कारण पायाखाली आहे. बेसॉल्टवर जांभ्याचे कठीण टोपण आणि त्यावर माती जेमतेम बोटभर, कुठे तेवढीही नाही. अशा जागेला सह्याद्रीत सडा म्हणतात. मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही, पावसाचे पाणी खडकाच्या खोलगट भागांत साचून राहते आणि मातीत नत्र फारसे नसते. या उणिवांवरच इथली फुले पोसली गेली आहेत. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती. मातीत जे मिळत नाही ते त्या किड्यांकडून वसूल करतात. निळ्या-जांभळ्या आसवांचे गालिचे पाहून हरखून जाणाऱ्यांना, त्या नाजूक फुलांखाली सूक्ष्म जिवांना ओढून घेणाऱ्या पिशव्या लपलेल्या आहेत, हे सहसा ठाऊक नसते.

कासच्या दुर्मीळ रहिवाशांत माझा कौल वायतुऱ्याला. साचलेल्या उथळ पाण्यातून वर येणारा, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला फिकट गुलाबी-जांभळा तुरा. बाकीचे वर्ष ही वनस्पती जमिनीतल्या कंदात काढते. शास्त्राला तिची ओळख १९८२ मध्ये झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. नाव देणाऱ्या तिघांपैकी एक होते डॉ. श्रीरंग यादव. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियांवर, दीर्घकाळ काम केले. दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवल्या. कासच्या गवतात वीतभर उंचीचे एक कंदीलपुष्पही सापडते, पण त्यासाठी उकिडवे बसायची तयारी हवी. त्याची नळी म्हणजे माशीसाठी सापळा. आत उतरलेली माशी खाली वळलेल्या केसांमुळे अडकते आणि केस कोमेजल्यावर परागांसह सुटते. कंदीलपुष्पांचे कंद माणसेही खातात आणि रानडुकरेही उकरतात.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. महाराष्ट्रातली चार: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. मग गर्दी लोटली. फुलांत लोळून फोटो काढणारे आले, सड्यावर गाड्या घालणारेही आले. त्याच सुमारास वनखात्याने तारेचे कुंपण घातले, प्रवेशशुल्क लावले आणि भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे देखरेख दिली. पर्यटकांना दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली. हे सगळे गरजेचे होते, यात मला शंका नाही.

पण कुंपणाने माणसांबरोबर गुरेही अडवली. कास, एकीव, आटाळी, कुसुंबी या गावांची जनावरे पिढ्यानपिढ्या या सड्यावर चरत होती. ती थांबल्यावर उंच गवत माजते, बोटभर उंचीच्या फुलांवरचे ऊन अडते आणि वाळलेल्या गवताचा थर साचत जातो, अशी तक्रार गावकऱ्यांनी लावून धरली. अभ्यासकांतही चराईवरून वाद झाले, आणि काही वर्षांनी कुंपण काढावे लागले. गुरे हवीत की नकोत, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. किती, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या भागात, हे दर हंगामाला पाहावे लागेल. फुलोऱ्याच्या भरात शेकडो खूर नकोत, हे तर उघडच आहे.

सोलापूरकराला हा पेच नवा वाटू नये. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. कागदावर क्षेत्र ८४९६ चौरस किलोमीटर, त्यात बहुतेक खासगी शेती. पुढे ते १२२२ वर आणले गेले. मोकळ्या गवतावर जगणाऱ्या त्या पक्ष्याच्या माळावर ग्लिरिसिडियाचीही लागवड झाली होती. उघडी जमीन दिसली की तिथे रोप लावायचे किंवा तार ओढायची, ही आपली हौस जंगलाच्या कल्पनेतून येते. सड्याला आणि माळाला ती मानवत नाही, आणि जुलैतल्या वृक्षारोपणाच्या फोटोंमध्ये हा फरक कुणी विचारात घेत नाही.

जायचे असेल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा, शनिवार-रविवार टाळा आणि नोंदणी आधीच ऑनलाइन करा. कुमुदिनीच्या तळ्याकडची पायवाट चुकवू नका. वायतुरा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावरही भेटतो. तिथे वारशाचे कवच नाही. पवनचक्क्या मात्र आहेत, आणि त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते सड्यावरूनच गेले आहेत.