यझ्द : पाणी, रेशीम आणि घरची बोली

इराण म्हटले की गुलाबाच्या बागा आणि बुलबुल यांचेच चित्र आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या यझ्द शहराशी आपल्या मुंबईचा निकटचा संबंध आला, ते वसले आहे वाळवंटात. तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो अवघा पाच-सहा सेंटिमीटर. असे असूनही हे नगर शतकानुशतके नांदते आहे. ते कशाच्या बळावर, याचा थोडक्यात परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

यझ्दचा पहिला आधार म्हणजे 'कनात'. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणावयाची आणि तेथील पाणी जमिनीखालच्या उतरत्या भुयारातून गावापर्यंत आणावयाचे, अशी ही योजना. झार्च येथील कनात ७० किलोमीटरहून अधिक लांब असून २०१६ साली तिची जागतिक वारशात गणना झाली. या पाण्याची वाटणी वेळेवर होत असे. बुडाशी छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यात सोडीत, आणि ते किती वेळा बुडाले यावरून प्रत्येकाचा वाटा ठरे. आपले घटिकापात्र ते हेच!

घरांची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली. मध्ये चौक, सभोवती मातीच्या जाड भिंतींची दालने. उन्हाळ्यात सावलीच्या बाजूस आणि थंडीत उन्हाच्या बाजूस कुटुंबाने राहावयाचे. वर उंच 'बादगीर', म्हणजे वारा खाली खेचून घेणारा मनोरा. दौलताबाद बागेतील बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे.

शेती तोकडी, म्हणून यझ्दकर हात आणि तराजू यांवर जगले. येथील रेशमी वस्त्रांची वाखाणणी तेराव्या शतकात मार्को पोलोने केली आहे. 'तिर्मे' नावाचे नक्षीदार कापड आणि मिठाई यांसाठी हे शहर आजही प्रसिद्ध आहे. त्यांच्या जोडीस आता फरशांचे कारखाने आले आहेत.

बहुसंख्य नागरिक शियापंथी मुसलमान. मोहरमात वाहून न्यावयाचा प्रचंड लाकडी 'नख्ल' हे त्यांच्या भक्तीचे चिन्ह. यहुद्यांचीही येथे जुनी वस्ती होती व त्यांची बोली निराळी होती. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे अन्यत्र गेली. तिसरा समाज जरथुस्त्री. त्यांचे आतश बेहराम मंदिर १९३४ साली बांधले गेले. परंतु आतील अग्नी इ. स. ४७० पासून अखंड असल्याची भाविकांची श्रद्धा आहे.

या समाजाने फार सोसले. घोड्यावर बसण्यास मनाई, घराच्या उंचीवर निर्बंध, वर जिझिया कर. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हटारिया यांस इराणात धाडले. त्यांच्या दीर्घ खटपटीने १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहाने जिझिया रद्द केला. दरम्यान अनेक कुटुंबे मुंबईस व पुण्यास आली. आपल्या ओळखीचे 'इराणी' चहावाले बहुतेक याच प्रांतातले.

या लोकांची 'दरी' बोली अफगाणिस्तानातील दरीहून वेगळी आहे. तिचे नाते फार्सीपेक्षा वायव्य इराणी भाषांशी अधिक जवळचे. गावोगावी तिचे रूप बदलते. परक्यास ती कळत नसे, म्हणून छळाच्या काळी ती या समाजाची तटबंदीच होती. मात्र तिचे लिखित वाङ्मय जवळजवळ नाही. जिभेवर टिकली तर टिकली!

आज तो छळ पूर्वीचा राहिला नाही, आणि बोली मात्र ओसरत आहे. शिक्षण फार्सीतून, नोकरी तेहरानात, नातवंडे अमेरिकेत. आजी दरीत विचारते, नातू फार्सीत उत्तर देतो. मुंबईच्या इराणी घरांतही हीच स्थिती येऊ लागली आहे. बळजोरीने जे गेले नाही ते सुखवस्तूपणाने जात आहे, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. कनात वर्षानुवर्षे उपसली नाही तर बुजते. घरच्या बोलीचेही तसेच आहे. ती घरात रोज बोलली गेली पाहिजे, आणि हे काम वडीलधाऱ्यांनीच करावयाचे आहे.