यंत्र टिकते, आज्ञावली का टिकू नये?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारेच्या चढावर आला की दोन पुळणी एकाच वेळी नजरेस पडतात. दर पावसाळ्यात त्यांची वाळू सरकते. कडेचा कातळ मात्र जागचा हलत नाही. काय सरकणार आणि काय स्थिर राहणार, हे ओळखूनच किनाऱ्यावरचा माणूस घराची जागा निवडतो. कारखान्यासाठी संगणक-प्रणाली उभारताना मात्र हा साधा विवेक क्वचितच पाळला जातो.

याच जिल्ह्यातील आंबा व मासळी प्रक्रिया-उद्योगाचे उदाहरण घ्यावे. डबे सीलबंद करणाऱ्या यंत्राची निगा राखली तर ते वर्षानुवर्षे चालते. हिशेबाच्या आज्ञावलीचे तसे नाही. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०१७ रोजी त्याची व केंद्रीय उत्पादन शुल्काची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. २०१८ मध्ये मालवाहतुकीसाठी ई-वे बिल सुरू झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जॅम, जेली व फळांच्या रसाची पेये यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आंबा तोच, डबा तोच. नियम मात्र वारंवार बदलले. कराचा दर आज्ञावलीत ठिकठिकाणी कोरून ठेवला असेल, तर दर वेळी ती उकलून दुरुस्त करावी लागते. तोवर कारकुनाला वहीत एकदा आणि संगणकात एकदा, अशी दुहेरी नोंद करावी लागते.

यावर उपाय नाही असे नव्हे. डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच सांगितले होते की, जो निर्णय बदलण्याचा संभव आहे तो प्रणालीच्या एकाच कप्प्यात बंदिस्त करावा, म्हणजे त्या बदलाची झळ इतरांस लागत नाही. कराचे दर कोष्टकात, तेही अंमलाच्या तारखेसह ठेवावेत. कारण जुन्या दराने विकलेला माल परत आला, तर त्याची वजावट जुन्याच दराने करावी लागते. साठा, उत्पादन, विक्री व कर हे विभाग वेगळे असावेत, आणि प्रत्येक विभागाचे काम लेखी नोंदलेले असावे.

लहान कारखानदार म्हणेल, एवढा खर्च कोठून करावा? प्रश्न रास्त आहे. परंतु स्वस्त प्रणालीची खरी किंमत खरेदीच्या पावतीवर दिसत नाही. ती पुढे दुरुस्तीच्या बिलांतून, हंगामात अडलेल्या कामातून आणि विक्रेत्याच्या मिंधेपणातून चुकवावी लागते. वापरातील आज्ञावली सतत सुधारली नाही तर ती निरुपयोगी होत जाते, हे मॅनी लेमन यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते. तेव्हा यंत्राच्या तेलपाण्याप्रमाणेच प्रणालीच्या देखभालीचीही दरवर्षी तरतूद हवी. एकट्याला ती झेपत नसेल, तर चार कारखानदारांनी मिळून करावी.

एक अट मात्र करारात आधीच घातली पाहिजे: माहिती कारखान्याच्या मालकीची राहील आणि कोणत्याही अन्य प्रणालीस वाचता येईल अशा स्वरूपात ती केव्हाही परत मिळेल. प्रणाली आज ना उद्या बदलावी लागेलच. वीस वर्षांच्या नोंदी गमावल्या तर पुन्हा मिळणार नाहीत. वाळू सरकणारच, पाया कातळावर घातला की नाही, एवढेच आपल्या हाती असते.