आई, तू परत बाई झालीस!

"काय गं, मुलगा कितवीत तुझा?" हळदीकुंकू असो की बारसं, हा प्रश्न ठरलेला. विचारणारीच्या मनात काही नसतं. पण ज्या घरातलं मूल शाळेतच जात नाही, त्या आईच्या पोटात मात्र गोळा येतो. मैत्रिणींनो, हा गोळा मी बरीच वर्षं अनुभवलाय.

माझा मुलगा तिसरीपर्यंत शाळेत होता. हुशार, पण लिहायला फार सावकाश. वह्या अपुऱ्या राहायच्या आणि अपुऱ्या वह्यांसाठी तो वर्गाबाहेर उभा राहायचा. पुढेपुढे सकाळी गणवेश बघितला की त्याला उलटी व्हायची. डॉक्टरांनी पोटात काही दोष नसल्याचं सांगितलं. शाळा बदलून पाहिली, तिथंही तेच. शेवटी २०१७ च्या जूनमध्ये ह्यांनी आणि मी ठरवलं, याला घरीच शिकवू. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, मला काय अवघड? पाठोपाठ बालवाडी संपवलेली धाकटी लेकही घरीच राहिली.

अवघड काय असतं ते महिन्याभरात कळलं. मी घराची शाळाच करून टाकली होती! भिंतीवर वेळापत्रक, सकाळी प्रार्थना, आणि तास बदलला की मी चक्क स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायची. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडे अपूर्णांक. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोरांना शाळेत घालायची ऐपत नाही असं वाटेल लोकांना." जाऊबाईंचा मुलगा स्कॉलरशिपला बसलेला. रात्री झोप लागायची नाही. वाटायचं, माझ्या हट्टापायी पोराचं वाटोळं तर होणार नाही ना?

त्यात माझं काम महिला बचत गटांचं. आमच्या कराड भागात ऊसतोडीला टोळ्या येतात. त्यांच्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून मी पालांवर जाऊन बायकांना समजावते. एकदा गटाच्या बैठकीत एकीनं सरळ विचारलं, "ताई, आमच्या पोरींना शाळेत घाला म्हणता, मग तुमचं पोरगं घरी कसं?" मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी घरी चालत येताना रस्ता संपता संपेना.

कडेलोट झाला नणंदेच्या मुलीच्या लग्नात. एका नातेवाइकांनी चारचौघांत मुलाला सतराचा पाढा विचारला. तो 'सतरा त्रिक'पर्यंत गेला आणि थांबला. "हे बघा घरचं शिक्षण!" सगळे हसले. घरी आल्यावर मी त्याला सतरापासून तीसपर्यंत पाढे लिहायला बसवलं. रात्रीचे अकरा वाजले. तो पेंगायला लागला आणि माझा हात उठला. मी मारलं त्याला. तो रडला नाही. हळूच म्हणाला, "आई, तू परत बाई झालीस."

स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले. ज्या भीतीतून त्याला सोडवलं, तीच भीती मी घरात आणून ठेवली होती. शाळेतून मूल घरी आणणं सोपं, आईच्या डोक्यातून शाळा काढणं कठीण! दुसऱ्या दिवशी मुलाची माफी मागितली आणि वेळापत्रक खाली उतरवलं.

मग हळूहळू घडी बसली. सकाळी दोन तास नेमून अभ्यास, तेवढाच. उरलेलं शिकणं दिवसभरात. आठवडी बाजाराचा हिशेब त्याच्याकडे, वीजबिलाचे युनिट त्याच्याकडे. टक्केवारी तो बचत गटाच्या व्याजावरून शिकला. दुपारी नगर वाचनालय, संध्याकाळी दोघांचा मैदानावर खो-खो, कारण मुलांना मुलांची संगत हवीच. विज्ञान ह्यांनी घेतलं. आधी कुरकुरले, पण "मूल दोघांचं आहे" असं मी स्पष्ट म्हटलं. सासूबाईंकडे गोष्टी आणि पाठांतर दिलं, तेव्हापासून त्यांची तक्रारही बंद!

मला स्वतःला दोन गोष्टींनी तारलं. एक म्हणजे डायरी. आज मुलं काय शिकली, याची रोज रात्री एक ओळ. खचलेल्या दिवशी वाटतं की वर्षभरात काहीच झालं नाही. अशा वेळी मागची पानं उलटायची. दुसरं म्हणजे बचत गटाची बैठक मी कधी चुकवली नाही. चोवीस तास मुलांजवळ राहिले असते तर मी चिडकी झाले असते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एरवी टोमणे मारणाऱ्या बायकांचेच फोन यायला लागले, "अगं, ही पोरं दिवसभर घरात सांभाळायची कशी?" मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

कायद्याचंही मी विचारून घेतलं होतं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. घरच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही, आणि पालकांना दंडही सांगितलेला नाही. पण वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्यात आहे. म्हणजे परतीचं दार उघडं असतं. परीक्षेसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथं १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीची नोंदणी करता येते. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही.

याचा आम्हाला फार आधार झाला. २०२३ ला मुलाचे बाकी विषय सुटले, गणित राहिलं. पुढच्या वेळी तेही निघालं. आता तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतोय आणि गल्लीतले बंद मिक्सर दुरुस्त करतो. सावकाश करतो, पण नीट करतो.

आणि लेक? २०२२ मध्ये ती म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय." मन खट्टू झालं. वाटलं, मी हरले. दोन दिवसांनी उमगलं की दादाचं औषध तिला कशाला? वयाप्रमाणे सहावीत प्रवेश मिळाला. आज ती डबा घेऊन आनंदानं शाळेत जाते.

त्या बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तरही मला आता देता येतं. ज्या घरात मुलाजवळ बसायला कुणाला सवड नाही, त्या घरच्या मुलीसाठी शाळा हाच उजेड आहे. माझ्याकडे सवड होती, चार पुस्तकं होती, म्हणून मला हे जमलं. ते सगळ्यांनी करावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण कुणा मैत्रिणीनं करायचं ठरवलंच, तर एवढंच सांगेन, घरात ताटली वाजवू नका!

परवा एका कार्यात तोच प्रश्न आला, "मुलगा कितवीत?" मी उत्तर द्यायच्या आत लेकच म्हणाली, "काकू, तुमचा मिक्सर बंद आहे का? दादाकडे पाठवा."