मिठाच्या रानाला समुद्राचा उतारा

गेल्या दिवाळीत ताईच्या गावी गेलो, तेव्हा हातपाय धुण्याआधीच दाजींनी एका काळपट द्रवाची बाटली माझ्या नाकाशी धरली. सुक्या मासळीच्या बाजारात शिरल्यासारखा वास आला.

"पाव्हणं, समुद्राचं शेवाळ हाय ह्ये. जलमच मिठात गेला त्येचा. आपल्या रानाला ह्येच लागू पडंल."

दुकानदाराने त्यांना सांगितले होते, की हे फवारा आणि क्षार विसरा. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले, तेव्हा खरे-खोटे सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

दाजींचे रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. तीन एकर काळी जमीन. ताईच्या लग्नात मांडवाच्या खांबांना याच रानातला ऊस बांधला होता, माणसाच्या दुप्पट उंचीचा. आज खालच्या अंगाला अर्ध्या एकरात काहीच उगवत नाही. उन्हाळ्यात तिथे पिठी पसरल्यासारखा पांढरा पापुद्रा येतो. त्याला लागून असलेल्या पट्ट्यात ऊस येतो, पण खुरटा. नदीवरून उपसा योजना आल्या, पाटाने मोकळे पाणी सुटले, उसावर ऊस घेतला गेला. भारी जमिनीतून पाण्याचा निचरा होईना. जमिनीखालचे पाणी वर चढले. उन्हाने पाणी उडाले आणि त्यातले क्षार तेवढे मागे राहिले. सह्याद्री ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा या मुलखात मिठागर तयार झाले ते असे.

लोणच्याच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. खाऱ्या जमिनीत मुळांची गत तशीच होते. रान ओले दिसते, पण पीक तहानलेले असते. शिवाय पोटॅशच्या वाटेने सोडियम आत शिरतो आणि पाने कडेने करपू लागतात.

मग शेवाळ काय करते? आयर्लंडच्या ॲरन बेटांवर लोकांनी उघड्या खडकावर वाळू आणि समुद्रशेवाळ पसरून माती तयार केली, त्यावर बटाटे पिकवले. म्हणजे शेवाळ शेतीला नवे नाही. आपल्याकडे तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून कप्पाफायकस नावाचे शेवाळ वाढवतात. ते ताजेच चिरडून रस काढायचा आणि चोथ्यापासून आइस्क्रीम दाट करणारे कॅराजीनन करायचे, ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने बसवली. (लवण म्हणजे मीठच. दाजींना हे नाव फार आवडले.)

लिटरभर पाण्यात दोन-तीन मिलिलिटर अर्क पडतो. एवढ्याशा थेंबांत पिकाचे पोट भरेल असे अन्न नसते. पण त्यातल्या बीटेनसारख्या द्रव्यांमुळे आणि सूक्ष्म प्रमाणातल्या संप्रेरकांमुळे पीक सावध होते. पेशींत पाणी धरून ठेवणारी द्रव्ये ते जास्त बनवते, मुळे वाढवते, पोटॅश राखून सोडियमला आवर घालते. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश झाला, त्यांत हे अर्कही आहेत. मात्र फवारणीने मातीतला चिमूटभरही क्षार कमी होत नाही. दुकानदार खोटे बोलला तो इथे.

"दाजी, फवारा," मी म्हटले, "पण चार सऱ्या कोऱ्या सोडा."

शिमग्याला पुन्हा गेलो. खुरट्या पट्ट्यात फवारलेल्या उसाला फुटवे जास्त होते, पान हिरवेगार होते. कोऱ्या सऱ्या बांधावरूनही ओळखू येत होत्या. चार सऱ्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी मास्तरकीच्या सवयीने सांगितलेच. आणि पांढऱ्या अर्ध्या एकरात? तिथे दाजींनी दुप्पट औषध मारले होते. एक कोंब उभा नव्हता.

त्या तुकड्याला निचराच हवा. जमिनीखाली तीन-चार फुटांवर भोकांचे पाइप घालायचे, खारे पाणी बाहेर काढायचे, चोपण असेल तर जिप्सम द्यायचे, मग धैंचा गाडायचा. माती तपासून हे ठरवायचे. खर्च मोठा आहे, पण अडचण पैशाची नव्हती. पाणी ओढ्याला काढायचे तर वाट चुलतभावाच्या रानातून, आणि बांधाच्या वादापासून बारा वर्षे दोन्ही घरांत बोलणे बंद.

"त्येचं बी रान खालनं पांढरं पडतंय," दाजी हळूच म्हणाले.

ताईने काही न बोलता ताटात पाच पुरणपोळ्या ठेवल्या, वर तुपाची वाटी ठेवली आणि पदर सावरून उंबऱ्याशी उभी राहिली. दाजींनी खुंटीवरची टोपी काढली.

"चला पाव्हणं, तुमी बी चला. मास्तर म्हणून तुमचं तरी ऐकंल."