हबेस आणि आरिया

वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर आमचे दिग्रस येते. त्यातला वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाला. या कामाच्या निमित्ताने आमच्याकडची पोरेसोरेही क्रेन ओळखू लागली आहेत. चाकांवर फिरणाऱ्या, पुढे लांब हात असलेल्या क्रेनला ती सरसकट ‘हायड्रा’ म्हणतात. मराठी कोशांत क्रेनला ‘यारी’ असा गोड शब्द आहे. पण तो कोशातच राहिला. इंग्रजांनी या यंत्राला लांब मानेच्या क्रौंच पक्ष्याचे नाव दिले, तर जर्मन लोक त्याच्या आडव्या हातावरच्या ट्रॉलीला ‘धावती मांजर’ म्हणतात!

शहरात उंच इमारतीला खेटून उभी असते ती टॉवर क्रेन. तिचा उभा जाळीदार खांब म्हणजे मास्ट. त्याच्या माथ्यावर मोठी दातेरी कडी असते, ती स्लुइंग रिंग. तिच्यामुळे वरचा भाग गोल फिरतो. पुढचा लांब हात जिब, मागचा आखूड काउंटर जिब आणि त्याला अडकवलेले काँक्रीटचे ठोकळे म्हणजे काउंटरवेट. जिबवरून ट्रॉली पुढेमागे सरकते, तिच्याखाली हुक. ओझे खांबापासून जितके दूर, तितका क्रेनवर ताण अधिक. १० मीटरवर १० टन पेलणारी क्रेन ५० मीटरवर, ढोबळ हिशेबाने, २ टनच पेलते.

आणि ही क्रेन इमारतीबरोबर वाढते कशी? मास्टभोवती एक पिंजरा असतो. त्यातला जॅक वरचा सारा भार उचलून धरतो, मधल्या फटीत मास्टचा नवा तुकडा सरकवतात आणि बोल्ट आवळतात. आपल्याच खांद्यावर चढत जाणारे हे यंत्र!

ही नावे परकी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. ओझे उचलणारे आपलेही एक यंत्र होते: मोट. तिचा जाड दोर नाडा, सोंडेचा बारीक दोर सोंदूर, चाकाचा कणा, बैलांची धाव, पाणी पडायचे ते थारोळे. बँकेत असताना पंपांसाठीची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून जात. पंप आले, पाणी आले, आणि ही नावे शिवारातून निघून गेली. काम संपले की नाव संपते, आणि काम आले की नवे नाव येते.

क्रेनच्या कामगारांनी आणलेल्या शब्दांत मला सर्वांत आवडतात ते ‘हबेस’ आणि ‘आरिया’. हबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे खाली सोड. दोन्ही जहाजांवरच्या खलाशांच्या बोलीतले. आरियाचे मूळ पोर्तुगीज. मी एका कामगाराला विचारले, एवढी नावे पाठ कशाला? तो म्हणाला, “काका, नाव माहीत नसलं तं हात कुठं लावाचा अन् कुठं नाई, हे कसं समजन?”

३१ जुलै २०२३च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे येथे, पुलाचे गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले. २० जणांचे प्राण गेले. अनेक बातम्यांत त्याला नुसते ‘क्रेन’ म्हटले गेले. ते होते गर्डर लाँचर: एका खांबावरून पुढच्या खांबावर सरकत जाणारा लोखंडी सांगाडा. त्याचे आधार वेगळे, धोकेही वेगळे. कोणता भाग निसटला, तो कोणी तपासला होता, हे विचारायलासुद्धा आधी त्या भागाचे नाव ठाऊक असावे लागते.

म्हणून वाटते, प्रत्येक कामावर त्या यंत्राचे मोठे चित्र लावावे आणि त्यावर अवयवांची नावे तिथल्या मजुरांच्या भाषेत लिहावीत. आमच्या कोशकारांनीही एकदा वही घेऊन तिथे जावे. ‘यारी’ टिकली तर आनंदच आहे. पण त्या हुकाखाली जो माणूस उभा आहे, त्याचा जीव ‘आरिया’ या शब्दावर टांगलेला असतो.