पोटात कण नाही

सकाळचे साडेसात वाजलेत. दिंडोरीच्या शिवारातल्या दादाच्या वस्तीवर द्राक्षबागेत लगबग आहे. छाटणी झालीय, बोडक्या वेलींच्या डोळ्यांना बायका पेस्ट लावताहेत. नवरात्र असल्यामुळे रस्त्यावरून वणीच्या गडावरची ज्योत घेऊन पोरं धावत जाताहेत. घरात मात्र सगळे एका खाटेभोवती जमलेत.

चौदा वर्षांची भाची गोधडीत मुटकुळं करून पडलीय. रात्रीपासून ताप, पहाटे एक उलटी. तिला टाइप वन मधुमेह आहे. वहिनी इन्सुलिनचं पेन घेऊन उभी आहे आणि आईनं तिचा हात धरलाय.

"पोरीच्या पोटात कण नाही अन् सुई कशाला टोचू ऱ्हायली? साखर खाली जाईल ना तिची!"

रात्रीची लांब पल्ल्याची सुई याच बोलण्यावरून राहून गेलीय, हे वहिनी मला हळूच सांगते. आईच्या बोलण्यात माया आहे, हिशेबही आहे. पण त्या हिशेबात ताप धरलेला नाही.

मी भाचीच्या बोटाला सुई लावते. ग्लुकोमीटरवर आकडा येतो: 312.

"काही न खाता?" आई खाटेच्या कडेला बसते.

"ताप आला की अंगच साखर सोडतं, आई. तापाशी झुंजायला जी संप्रेरकं सुटतात ती यकृतातली साखर रक्तात आणतात, अन् इन्सुलिनचा जोरही कमी करतात."

आता लघवीची पट्टी. ती बुडवून मी पंधरा सेकंद मोजते. फिकट टोक गुलाबी होऊन जांभळ्याकडे झुकतं. कीटोन आहेत. इन्सुलिनशिवाय पेशींना साखर घेता येत नाही, मग शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. 1922 च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई मिळाली. तोही चौदा वर्षांचाच होता. त्याआधी हा आजार झालेली मुलं वाचत नसत. आपल्या घरात ते औषध हाताशी असताना एक रात्र ते पेनातच राहिलं, या विचारानं माझा हात थरथरतो.

दादा डॉक्टरांना फोन लावतो आणि स्पीकर सुरू करतो. चुकलेल्या सुईचं काय करायचं आणि जास्तीचा डोस किती, ते डॉक्टर सांगतात. वहिनी आकडे वहीत लिहून त्यांना पुन्हा वाचून दाखवते. "लांब पल्ल्याची सुई आजारपणात कधीच बंद करायची नाही. घोट घोट पाणी, मिठाचं ताक देत राहा. दोन तासांनी साखर आणि कीटोन पुन्हा तपासा. उलट्या थांबल्या नाहीत, श्वास खोल अन् जलद झाला, पोट दुखलं, ग्लानी आली किंवा कीटोन वाढले, तर फोनही करू नका, थेट दवाखाना गाठा." दादा पिकअपचं तोंड रस्त्याकडे करून ठेवतो.

भाची सुई घेते. वहिनी चमच्यानं ताक पाजू लागते. तेवढ्यात माझं लक्ष आईकडे जातं. कपाळावर घाम, हातातला पेला थरथरतोय.

"काल रात्रीपासून जुलाब होऊ ऱ्हायले मला बी," ती सांगते. "त्यात उपास. सकाळी नुसता बिनसाखरेचा चहा घेतला."

"आणि मधुमेहाची गोळी?"

"घेतली ना. काही झालं तरी गोळी चुकवायची नाही, असं तूच सांगितलं होतं."

माझ्या पोटात गोळा येतो. आकडा 61. तिची ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. मी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवते. साखर उपासालाही चालते, म्हणून आई नाही म्हणत नाही. पंधरा मिनिटांनी 84. पण या गोळीचा अंमल तासन् तास राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. वहिनी पातळ भगर शिजवते आणि आईला वाटी भरून देते.

पुन्हा फोन. आईचं खाणं सुरळीत होईपर्यंत ही गोळी बंद, जुलाब थांबेपर्यंत तिचं दुसरं औषध, मेटफॉर्मिन, तेही बंद, असं डॉक्टर सांगतात. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडावर ताण येतो आणि मेटफॉर्मिन अंगात साचू शकतं.

एका घरात, एकाच सकाळी, पोट दोघींचं रिकामं. नातीची सुई थांबवणं धोक्याचं ठरलं, आज्जीची गोळी न थांबवणं. म्हणून हे आधीच, ताप नसताना, डॉक्टरांना विचारून लिहून ठेवायचं असतं: कुठलं औषध चालू ठेवायचं, कुठलं थांबवायचं, किती वेळानं तपासायचं, कधी निघायचं. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उभी रेघ मारते. डावीकडे आज्जी, उजवीकडे नात.

साडेदहाला भाचीचा आकडा 238 येतो, पट्टीचा रंगही फिका झालाय. तिला पुन्हा उलटी झालेली नाही. दुपारी 190. ती डोळे उघडून पेज मागते.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून आई डबीतून गोळी काढते. सवयीनं तोंडाशी नेते आणि थांबते. तळहातावर गोळी तशीच ठेवून ती कॅलेंडरसमोर येते.

"वाच गं," ती म्हणते, "माझ्या बाजूला काय लिहिलंय?"