आनंदघन म्हणजे नक्की कोण?

गेल्या महिन्यात आमची भिशी मंगळवार पेठेत होती. भडंगाच्या डिश फिरल्या, चहा झाला आणि कुणीतरी मोबाइलवर ‘ऐरणीच्या देवा तुला’ लावलं. गाणं संपेपर्यंत सगळ्या गप्प. संपल्यावर मात्र वादाला तोंड फुटलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “आनंदघन म्हणून आपल्या कोल्हापुरातलेच कुणी बुवा होते. त्यांची चाल हाय ही.”

“काय वो काकू! आनंदघन म्हणजे लताबाईच की!” माझी मैत्रीण म्हणाली.

त्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, “गायल्या असतील लताबाई. पण संगीत द्यायचं म्हणजे पेटीवाला, ढोलकीवाला, सगळ्यांना हाताखाली घेऊन काम करून घ्यायचं. ते कुणीतरी माणसानंच केलं असणार बघ.”

ते वाक्य मला टोचलं. चारचौघांत पुरुष म्हणाला असता तर आम्ही त्याला धारेवर धरलं असतं. इथं आमच्यातलीच एक म्हणत होती, आणि दोघी-तिघी माना डोलवत होत्या. भिशीची चिठ्ठी काढायची राहिली बाजूला.

तर मैत्रिणींनो, आनंदघन म्हणजे लता मंगेशकरच. चार चित्रपटांना त्यांनी या नावानं संगीत दिलं. ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९). चारही चित्रपट भालजी पेंढारकरांचे, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या जयप्रभावाल्या बाबांचे. ‘साधी माणसं’मध्ये लोहाराच्या भात्यापुढे बसलेले जयश्री गडकर आणि सूर्यकांत आपल्यापैकी अनेकींच्या डोळ्यांपुढे अजून असतील. गाणं लिहिलं जगदीश खेबुडकरांनी, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या हळदी गावचे. गंमत बघा, या गाण्यात गायिका म्हणून लता मंगेशकर आणि संगीतकार म्हणून आनंदघन. एकाच बाईची दोन नावं शेजारी शेजारी, आणि लोकांनी दोन माणसं समजून घेतली!

मग नाव लपवलं कशाला? सांगतात ते असं. ‘मोहित्यांची मंजुळा’च्या वेळी भालजींना हवा तेव्हा संगीतकार मिळेना. लताबाई म्हणाल्या, मीच करते. भालजींना घोर लागला, की चित्रपट पडला तर या पोरीच्या एवढ्या मोठ्या नावाला बट्टा लागेल. म्हणून टोपणनाव. म्हणजे बाई आहे म्हणून दडवलं, असं सरळ म्हणता येत नाही. त्याआधी दिनकर द. पाटलांच्या ‘राम राम पाव्हणं’ला त्यांनी स्वतःच्या नावानं संगीत दिलंच होतं.

मला वाटतं, यात कोल्हापूरच्या जिव्हाळ्याचाही भाग असावा. १९४२ मध्ये वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लताबाई अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या. मास्टर विनायकांनी या कुटुंबाला आधार दिला, त्यांच्या कंपनीत कामाला म्हणून त्या कोल्हापुरात राहिल्या. त्या वयात घर चालवायला निघालेल्या मुलीला हे गाव विसरता येतं होय? आनंदघननं काम केलं ते फक्त भालजींसाठी. हृषीकेश मुखर्जींनी ‘आनंद’साठी विचारलं तेव्हा त्यांनी नकार दिला, असं सांगितलं जातं.

पण गुपित टिकलं नाही. ‘साधी माणसं’ला १९६६ मध्ये राज्य शासनाचा उत्कृष्ट संगीताचा पुरस्कार मिळाला. समारंभात आनंदघनचं नाव पुकारलं तरी कुणी उठेना. शेवटी निवेदकानंच सांगून टाकलं, की आनंदघन इथंच बसलेत आणि त्या लताबाई आहेत, असा किस्सा सांगतात. मला नेहमी वाटतं, त्या क्षणी त्यांना आनंद झाला असेल की संकोच वाटला असेल?

त्यांच्याच ‘रेशमाच्या रेघांनी’चं गीत शान्ता शेळक्यांचं. शान्ताबाईंनीही काही गाणी ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावानं लिहिली. त्यांचं कारण नोकरीचं, सेन्सॉर बोर्डावर असल्याचं. पण टोपणनाव घेतलं तेही पुरुषाचंच. ते वाचून शंका कुणालाच आली नसेल. एखादा डॉक्टर गाणी लिहितो म्हटलं, की झालं!

एवढं सगळं सांगून झालं तेव्हा बँकवाल्या ताई म्हणाल्या, “बरं बाई, हरलो.” आमच्याकडच्या बायका अजून अशाच बोलतात.

पण सासूबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या कोपऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, “चाल लताबाईंची, गाणं खेबुडकरांचं, समजलं. पण मघापासनं मी तो ठेका ऐकतोय. त्यो कुणी धरला?”

खरंच की! रेकॉर्डवर गायक, कवी, संगीतकार यांची नावं छापत. ढोलकीवाले, तबलेवाले बहुधा बिननावाचेच. हिंदीत एक अपवाद मला ठाऊक होता, गोव्यात जन्मलेले दत्ताराम वाडकर. शंकर-जयकिशन यांचे ते साहाय्यक. त्यांच्या ढोलकाची चाल इतकी गाजली, की वाजवणारे तिला ‘दत्ताराम ठेका’च म्हणू लागले. १९५८ च्या ‘परवरिश’ला तर त्यांनी स्वतः संगीत दिलं.

“मग त्यांचं नशीब,” सासूबाई म्हणाल्या. “लाव गं पुन्हा एकदा. आता कुणी बोलू नका.”

चिठ्ठी निघाली ती दिवे लागल्यावर.